डबा भारी, आत काय?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गाजलेल्या चित्रपटांच्या 'स्पेशल एडिशन', 'कलेक्टर्स एडिशन' अशा डिस्क विकत घ्याव्यात का आणि घेतल्यावर त्यांची पारख कशी करावी, यावर गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. वऱ्हाडातून आणि झाडीपट्टीतूनही पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सव्वातीन तासांच्या हिंदी चित्रपटाची कलेक्टर्स एडिशन घेतली. चित्रपट आणि वर दीड तासाचं 'मेकिंग', सगळं एकाच डीव्हीडीत. आमच्याकडच्या जुन्या साध्या डीव्हीडीपेक्षा हिचं चित्र खराब दिसतं. नवीन माल जुन्यापेक्षा वाईट कसा?
— एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : एका पोत्यात दोन पोत्यांचा कापूस कोंबला आहे, दुसरं काही नाही. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी. हिशेब सोपा आहे: जीबीला ८,००० ने गुणा आणि एकूण सेकंदांनी भागा. उत्तर येतं ते दर सेकंदाला किती मेगाबिट मिळाले याचं. यालाच बिटरेट म्हणतात, तो कमी पडला की चित्र खराब.

तुमचा चित्रपट १९५ मिनिटांचा, म्हणजे ११,७०० सेकंद. दोन थरांची डिस्क एकट्या चित्रपटाला दिली, तर ६८,००० भागिले ११,७०० म्हणजे साधारण ५.८ मेगाबिट. त्याच डिस्कवर ९० मिनिटांचं मेकिंग टाकलं की सेकंद होतात १७,१०० आणि वाट्याला येतात जेमतेम ४. डिस्क एकाच थराची असेल तर २.२. यातून ५.१ (म्हणजे सहा स्पीकरांच्या) ध्वनीचा जवळपास अर्धा मेगाबिट अजून वजा करायचा आहे. डीव्हीडीला चित्रासाठी ९.८ पर्यंत मुभा असते आणि जुन्या व्हीसीडीला १.१५ मिळत. तुमची डिस्क यात कुठे बसते ते आता दिसेलच. मेकिंगला मुद्दाम कमी बिटरेट देऊन चित्रपटाला थोडी जागा वाचवता येते, पण त्यानं फार काही सावरत नाही.

डिस्क किती थरांची आहे हे पाहायला ती कॉम्प्युटरमध्ये घाला आणि ड्राइव्हची 'प्रॉपर्टीज' उघडा. पूर्ण भरलेली एकथरी डिस्क तिथे ४.३७ जीबीच्या आसपास दिसते, दोनथरी ७.९५ पर्यंत. कॉम्प्युटर १,०२४ च्या हिशेबानं मोजतो म्हणून आकडा कमी दिसतो, त्याला फसवणूक समजू नका. मग व्हीएलसी प्लेअरमध्ये चित्रपट लावून कंट्रोल आणि जे दाबा. 'स्टॅटिस्टिक्स'च्या रकान्यात बिटरेट हलताना दिसेल. धूळ उडवत येणारे घोडे, पाऊस, नदीचं पाणी, पन्नास जणांचं समूहनृत्य अशा दृश्यांत तो चढायला हवा. तो तिथेच अडकून राहिला आणि पडद्यावर चौकोनी ठिकऱ्या दिसल्या, तर दोष डिस्कचा. तुमच्या टीव्हीचा नाही.

दुसरी शंका. चित्राच्या चारही बाजूंनी काळी पट्टी येते का? येत असेल तर रुंद चित्रपट जुन्या ४:३ चौकटीत बसवून छापला आहे. २.३५:१ प्रमाणाच्या (उंचीच्या २.३५ पट रुंद) चित्राला पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीच्या ५७६ रेषांपैकी मग फक्त ३२७ रेषा मिळतात. नीट १६:९ मध्ये छापला असता तर ४३६ मिळाल्या असत्या. रिमोटवरचं 'झूम' दाबून चित्र मोठं होईल, रेषा वाढणार नाहीत.

चित्रपट पहिल्या डिस्कवर आणि बाकीचं सगळं दुसऱ्यावर, अशी आवृत्ती असेल तरच 'विशेष' शब्दाचे जास्त पैसे द्या.

प्रश्न : डब्यावर १९८ मिनिटं लिहिलं आहे, प्लेअरवर १९० दिसतं. आठ मिनिटं कापली का?
— एक वाचक, पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : बहुधा नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल पद्धतीची डीव्हीडी २५ नं. त्यामुळे सगळं सुमारे ४ टक्के लवकर उरकतं. १९८ ला ०.९६ नं गुणा, १९० येतात. आवाजाची पट्टी दुरुस्त केली नसेल तर गाणीही अर्ध्या स्वराला थोडी कमी इतकी वर चढतात. त्या गाण्याची सीडी लावून भजनी मंडळाच्या पेटीवर दोन्हींचा षड्ज ताडून पाहा, फरक कानाला लगेच कळतो. एनटीएससी या अमेरिकेकडच्या पद्धतीच्या डिस्कवर ही घाई नसते, तिथे मिनिटं कमी भरली तर मात्र कात्री लागली आहे.

आणखी खात्री हवी असेल तर सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र थांबवून वाचा. फिल्मच्या काळातल्या प्रमाणपत्रावर लांबी मीटरमध्ये असते. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर धावते. ४,९३८ मीटर लिहिले असतील तर २७.४३ नं भागा, बरोबर १८० मिनिटं. हा आकडा डब्यावर कोणी काय छापलं यावर अवलंबून नाही, म्हणून परीक्षणात तोच द्यावा.

कधी मिनिटं वाढलेलीही असतात आणि त्यामागे खरं कारण असतं. 'शोले' १९७५ मध्ये १९८ मिनिटांचा लागला. सेन्सॉरच्या सांगण्यावरून शेवट बदलून ठाकूरच्या हातून गब्बर मरत नाही, पोलीस येतात, असं करावं लागलं होतं. २०४ मिनिटांची मूळ आवृत्ती पुढे १९९० मध्ये घरगुती व्हिडिओवर आली आणि मूळ शेवटाची पुनरुज्जीवित प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या महोत्सवात दाखवली गेली. तेव्हा अशा चित्रपटाची डिस्क घेताना आधी शेवटची दहा मिनिटं पाहा. कोणती आवृत्ती आहे ते तिथेच कळतं, मुखपृष्ठावर नाही.

प्रश्न : 'मुघल-ए-आझम' रंगीत घ्यावा की काळा-पांढरा?
— एक वाचक, तुमसर (जि. भंडारा)

उत्तर : काळा-पांढरा. १९६० च्या मूळ चित्रपटात शीशमहालातल्या गाण्यासारखा थोडाच भाग रंगीत होता आणि तो रंग अचानक उमलतो यातच मौज होती. २००४ ची रंगवलेली आवृत्ती मुळापेक्षा लांबीनंही कमी आहे. ती जोडीला फुकट मिळत असेल तर हरकत नाही.

प्रश्न : पुतण्यानं अमेरिकेतून सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचा ब्लू-रे संच पाठवला. प्लेअर डिस्क घेतो आणि 'चुकीचा प्रदेश' असा संदेश देऊन बाहेर फेकतो. इतका महागाचा संच, त्याचं करायचं काय?
— एक वाचक, वरुड (जि. अमरावती)

उत्तर : डिस्क चांगली आहे, कुलूप वेगळं आहे. ब्लू-रेचे तीन प्रदेश: अमेरिका 'ए', युरोप आणि आखात 'बी', भारत 'सी'. डीव्हीडीचे आकडे निराळे, अमेरिका १ आणि भारत ५. तिकडच्या कंपन्यांचे संच बऱ्याचदा 'ए' ला बांधलेले असतात. उपाय दोन. सर्व प्रदेश वाचणारा प्लेअर घ्यायचा, किंवा पुतण्याला पुढच्या खेपेला तिथलाच साधा प्लेअर आणायला सांगायचा. दुसऱ्या उपायात प्लेअरच्या मागे १००-२४० व्होल्ट लिहिलं आहे ना ते पाहा. नुसतं ११०-१२० असेल तर आपल्या विजेवर तो पहिल्याच दिवशी जळेल. एकदा १००-२४० चा असला की संध्याकाळी मोटरपंप सुरू होऊन दाब पडला तरी त्याला फिकीर नाही.

४के अल्ट्रा एचडी डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं. पण ती साध्या ब्लू-रे प्लेअरवर अजिबात चालत नाही, तिला ४के प्लेअरच लागतो. त्याच डब्यात जोडीला दिलेला साधा ब्लू-रे मात्र कुलूपबंद असू शकतो. मागवण्याआधी दोन्हींची चौकशी करा.

तुमच्याकडचा संच जपून ठेवण्यासारखा आहे. या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेत लागलेल्या आगीत होरपळल्या होत्या. जळकी, आक्रसलेली फिल्म हातानं सावरून तिच्यातून जमेल तेवढं आणि बाकीचं इतर प्रतींमधून घेऊन २०१५ मध्ये नवी प्रत तयार झाली. 'रिस्टोअर्ड' हा शब्द अशा कामाला शोभतो. टीव्हीवर दाखवायची जुनी टेप थोडी उजळ केली की तोच शिक्का मारणारेही आहेत, म्हणून डब्यावर स्कॅन कशावरून केलं ते शोधा: मूळ निगेटिव्ह, इंटरपॉझिटिव्ह (निगेटिव्हवरून काढलेली मधली प्रत) की प्रदर्शनाची प्रिंट. काहीच लिहिलेलं नसेल तर समजून जा.

प्रश्न : महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात आणि तालुक्याच्या साप्ताहिकात अशा डिस्कचं परीक्षण लिहायचं आहे. कथा, अभिनय सोडून नेमकं काय बघायचं? घरी ३२ इंची टीव्ही आणि ब्लू-रे प्लेअर आहे.
— एक प्राध्यापिका, मेहकर (जि. बुलढाणा)

उत्तर : ताई, कथा-अभिनयावर लोकांनी आधीच लिहिलं आहे. वाचकाला तुमच्याकडून एवढंच हवं आहे की आधीची डिस्क घरात असताना ही घ्यावी का.

पहिलं काम टीव्हीचं. दुकानातून येतो तो टीव्ही भडक ठेवलेला असतो. चित्राचा प्रकार 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, 'नॉइज रिडक्शन' बंद, वीजबचत बंद. शार्पनेस शून्याकडे न्या आणि अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ दिसायची थांबेल तिथे ठेवा. चित्राचा आकार 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' ठेवा, नाहीतर टीव्ही कडा कापतो आणि दोष तुम्ही डिस्कला लावाल. प्लेअर एचडीएमआय वायरनं जोडा. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीतून ब्लू-रे पाहणं म्हणजे बोअरचं पाणी ठिबकच्या नळीतून पिणं.

खुर्ची जवळ घ्या. ३२ इंची पडद्यावर १९२० ठिपक्यांची ओळ सुमारे ७१ सेंटीमीटरची, म्हणजे एक ठिपका ०.३७ मिलिमीटर. सामान्य डोळ्याला तो सव्वा मीटरपर्यंतच वेगळा दिसतो. दहा फुटांवरच्या दिवाणावरून डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला फरक निम्मा विरून जातो. परीक्षणासाठी सव्वा मीटर, आनंदासाठी दिवाण. आणि रात्री पाहा, आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात काळा रंग राखाडीच दिसणार.

आता प्रत्यक्ष चित्र. फिल्मवर चित्रित झालेल्या चित्रपटात बारीक कण हलताना दिसले पाहिजेत. अनेक वाचक त्याला 'मुंग्या' म्हणून नावं ठेवतात, पण तो फिल्मचा पोत आहे. तो पुसला की चेहरा मेणाचा होतो: म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या नाहीशा, लुगड्याच्या सुताचा सपाट रंग, आणि माणूस चालला की त्याच्यामागे हलकी सावली ओढली जाते. जवळून घेतलेले वयस्क चेहरे थांबवून पाहा, लबाडी तिथे पकडली जाते. पांढऱ्या आकाशासमोरची काळी कौलं किंवा विजेची तार शोधा, तिच्या शेजारी उजळ रेघ दिसली तर शार्पनेस कृत्रिमपणे वाढवला आहे. सूर्यास्तात आकाशाचे पायऱ्या-पायऱ्यांसारखे पट्टे दिसले तर बिट कमी पडले. कॅमेरा आडवा फिरताना चित्र थांबवा. कडांना कंगव्याचे दात दिसले, किंवा एकावर एक दोन चित्रं दिसली, तर एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत घाईनं उतरवलं आहे.

चौकट तपासायला श्रेयनामावली सगळ्यात उपयोगी. नावांची पहिली-शेवटची अक्षरं कापली गेली की बाजू कापल्या. २.३५:१ चा चित्रपट १६:९ भरून दाखवला तर रुंदीचा जवळपास चौथा हिस्सा जातो, ४:३ मध्ये ४३ टक्के. उलटा अन्याय जुन्या मराठी चित्रपटांवर होतो. 'संत तुकाराम' १९३६ चा, त्या काळातल्या जवळपास चौकोनी चौकटीतला. असं चित्र आजच्या रुंद पडद्यावर भरायचं म्हटलं की वर-खाली मिळून २३ टक्के कापावं लागतं. मग पगडी अर्धी आणि पाय गायब. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेली प्रत 'अपुरी' नाही, तीच पूर्ण आहे, हे तुमच्या वाचकाला एकदा ठासून सांगा.

ध्वनीत पहिला प्रश्न, मूळ मोनो (एकाच वाहिनीचा) पट्टा दिला आहे का? जुन्या चित्रपटांचा ५.१ हा बहुधा नव्यानं बनवलेला असतो. त्यात कधी पावलांचे, दारांचे नवे आवाज मिसळलेले असतात आणि ते आजच्या मालिकेतले वाटतात. मूळ पट्टा सोबत असेल तर तक्रार नाही, तो काढूनच टाकला असेल तर तसं लिहा. ध्वनिचित्र जुळतं का ते टाळी वाजते किंवा दार आपटतं त्या क्षणी बघा. संवाद दबलेले आणि पार्श्वसंगीत मोठं ऐकू येत असेल तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. प्लेअरच्या ध्वनीत 'पीसीएम' किंवा 'स्टिरिओ' निवडा. ५.१ मध्ये संवाद मधल्या स्पीकरला जातात आणि तुमच्या टीव्हीला तो नाही.

सबटायटल गाण्यांना आहेत का, हे आवर्जून पाहा. संवादांचा अनुवाद देऊन गाणी कोरी सोडणं हा आपल्याकडच्या डिस्कचा जुना खोडसाळपणा.

जोडसामग्रीचं वजन मिनिटांवर करू नका. कलाकारांनी एकमेकांची स्तुती केलेला पाऊण तास आणि 'लगान'वरचा सत्यजित भटकळ यांचा 'चले चलो' हा माहितीपट एका तराजूत बसत नाहीत. 'चले चलो'त चित्रपट बनताना कुठे अडलं ते दिसतं. कामाची जोडसामग्री ती: दिग्दर्शकाचं दृश्यानुसार भाष्य, वगळलेली दृश्यं आणि ती का वगळली याचं कारण, मूळ जाहिरातपट. स्थिरचित्रांची चित्रफीत, वॉलपेपर ही भरती समजा.

लेखाच्या वरच चौकट करा: प्रकाशक, वर्ष, डिस्क किती व कोणत्या, प्रदेश, चौकटीचं प्रमाण, ध्वनिपट्टे, सबटायटल, मोजलेली मिनिटं, किंमत. जुन्या-नव्या डिस्कची तुलना दाखवायची तर डीव्हीडीसाठी व्हीएलसीत शिफ्ट आणि एस दाबून तीच चौकट दोन्हींतून घ्या. मोबाइलनं टीव्हीचा फोटो काढून छापू नका, त्यात मोबाइलचेच रंग दिसतात.

प्रश्न : भाऊ, आमच्या वाचनालयात दोनेकशे सीड्या-डीव्हीड्या आहेत. वरती टिनाचं छप्पर. मे महिन्यात डिस्क अटकून राहिल्या, काही वाकड्याही झाल्या. कूलर लावला तर आतलं पुस्तकच चिपकून गेलं. आता आम्ही करावं काय? आणि हे चित्रपट गावाला दाखवले तर चालते काय?
— वाचनालयाचे एक कार्यवाह, अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया)

उत्तर : ४५-४६ अंशांनी डिस्क वितळत नाही. पण टिनाखाली, तिरकी, वर दहा डब्यांचं ओझं घेऊन ठेवली की उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत बाक धरते. डबे पुस्तकांसारखे उभे आणि घट्ट-सैल यांच्या मधले ठेवा. कपाट आतल्या भिंतीला लावा, टिनाला लागून नाही. सगळ्यात खालच्या दोन खणांत डिस्क, वर रजिस्टरं. गरम हवा वर चढते, रजिस्टराला तिचं काही होत नाही.

कूलरच्या झोतासमोर कपाट कधीच नको. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा ओली असते. तिच्यानं चकचकीत कागदाच्या पुस्तिका चिकटतात, पुठ्ठ्याच्या बाह्यवेष्टनाला बुरशी येते, पत्र्याच्या डब्याच्या कडा गंजतात. पुस्तिका काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. चिकटलेलं पान ओढू नका.

अटकणारी डिस्क आधी उजेडात धरा. धूळ असेल तर जुन्या धुवट सुती कापडानं, मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल फिरवून पुसू नका. मधून कडेकडे गेलेल्या ओरखड्यातली चूक प्लेअर भरून काढतो, पण माहितीच्या गोल वाटेवरच लांब ओरखडा गेला तर त्याला जमत नाही. डाग जात नसेल तर शुद्ध पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. टूथपेस्ट, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही नको. सीडी-व्हीसीडीची माहिती लेबलच्या अगदी खाली असते, तिथे बॉलपेननं नोंदणी क्रमांक लिहिला की डिस्क गेली. डीव्हीडीची माहिती दोन पातळ चकत्यांच्या मध्ये सुरक्षित, ब्लू-रेची वाचायच्या बाजूला फक्त ०.१ मिलिमीटर आत. क्रमांक डब्यावर आणि डिस्कच्या मधल्या पारदर्शक कड्यावर लिहा. डिस्क स्वच्छ असूनही सगळ्याच अटकत असतील तर प्लेअरच्या भिंगावर सरकीची, कापसाची धूळ बसली आहे.

गावाला दाखवण्याचं म्हणाल तर या डिस्क घरात पाहण्यासाठी विकलेल्या असतात, तिकीट नसलं तरी. हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्या.

प्रश्न : आठवडी बाजारात 'ओरिजिनल स्पेशल एडिशन' स्वस्तात मिळते. खरी की खोटी, तिथल्या तिथे कसं ओळखायचं?
— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : डिस्क उलटी करा. कारखान्यात छापलेली डीव्हीडी चांदीसारखी असते, दोनथरी असेल तर सोनेरी झाक. जांभळी किंवा निळसर असेल तर घरच्या कॉम्प्युटरवर भरलेली. मग मधल्या कड्यावर बारीक कोरलेले अक्षर-आकडे शोधा, खऱ्या डिस्कवर ते असतात. मुखपृष्ठाची छपाई फिकट आणि मागची बारीक अक्षरं न वाचता येण्याजोगी, म्हणजे मुखपृष्ठाचीच झेरॉक्स. विकणारा डबा उघडू देत नसेल तर पुढच्या दुकानाकडे चाला.